पिलांसाठी कुटकी

आमच्या घरात सकाळी काय खायचं हे एका साहेबानं ठरवलं, आणि त्यानं आमच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

बाबा पोंभुर्ण्याच्या अलीकडच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. एक खोली, चार वर्ग, एक मास्तर. आमचं घर शाळेच्या भिंतीला भिंत लावूनच होतं, त्यामुळे शाळेतले पाढे आमच्या चुलीपर्यंत ऐकू यायचे आणि आमच्या फोडणीचा ठसका शाळेपर्यंत जायचा. तपासणीचे साहेब येणार म्हणून आठ दिवस आधीपासून गावात गडबड होती. शाळा सारवून झाली, बाबांनी धोतर धुवून, उशीखाली घडी घालून ठेवलं. साहेब दहाला येणार होते. ते आठलाच आले.

मी आणि माझी धाकटी बहीण ओसरीवर बसून पळसाच्या पानांच्या द्रोणातून आंबील पीत होतो. मी दहा वर्षांची, ती चार. आंबील आमच्याकडे रोजचीच. कुटकीच्या कण्या रात्री मडक्यात भिजत घालायच्या, सकाळपर्यंत पाणी जरा आंबट व्हायचं, मग ते शिजवून त्यात मीठ आणि चेचलेली मिरची. कुटकी म्हणजे मोहरीएवढा राखाडी दाणा, तांदळाचा गरीब नातेवाईक. जिथं भाताची बांधी, म्हणजे बांध घातलेलं शेत, होत नाही अशा बरड जमिनीत ती येते, कोणाकडे खत मागत नाही की पाणी मागत नाही. गावात सगळ्यांच्या घरी सकाळी हेच असायचं.

साहेब ओसरीपाशी थांबले. त्यांनी आमच्या द्रोणात वाकून पाहिलं आणि हसून म्हणाले, "गुरुजी, तुमच्याकडेसुद्धा हेच? मला वाटलं होतं, हे फक्त जंगलातली माणसं खातात. आमच्याकडे मुलांना सकाळी ओट देतो. डब्यात येतो, चांद्याला मिळतो. हाडं कशी मजबूत होतात पाहा."

एवढंच बोलले. रागानं नाही, हिणवूनही नाही. माणूस बसायला जागा पाहतो तसं सहज बोलले आणि शाळेत गेले. त्या दिवशी शेऱ्याच्या वहीत त्यांनी शाळेविषयी चांगलंच लिहिलं. बाबांनी तो शेरा आम्हाला एकदाही वाचून दाखवला नाही. आंबिलीचं वाक्य मात्र त्यांच्या मनात जे रुतलं ते मरेपर्यंत निघालं नाही.

बाबा शेतकऱ्याच्या घरचे. गावातून शिकून बाहेर पडलेला पहिला माणूस. स्वतः आंबील पिऊन मॅट्रिक झालेले. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घरात दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे 'मले' 'तुले' बंद. आम्ही 'मला' 'तुला' म्हणायचं. दुसरी म्हणजे आंबील बंद. "सकाळच्या खाण्यावरून माणसाची पायरी कळते," असं ते म्हणाले. पायरी कसली, मला तर दुपारच्या घंटेपर्यंत भुकेशिवाय काही सुचायचं नाही. सकाळी चहा आणि त्याबरोबर मूठभर पोहे. पोहे संपले की नुसता चहा. आंबिलीचं मडकं आईनं पालथं घालून माळ्यावर ठेवलं. तिनं हूं की चूं केलं नाही. आईचा हाच स्वभाव, आणि त्याचा मला आजही संताप येतो.

पावसाळा सरता सरता गावात हिवताप शिरला. तो दरवर्षीच यायचा. त्या वर्षी आमच्या घरातही आला. माझी बहीण बारा दिवस तापली. कुनैन देऊन देऊन ताप उतरला, पण पोरगी उतरली ती उतरलीच. हाडांची काडी झाली. भात तोंडात धरून बसायची आणि थोड्या वेळानं तसाच बाहेर काढायची. बाबा घाबरले. ते बैलबंडीनं मूल गावापर्यंत गेले, तिथून चांद्याला, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धुळीनं माखलेले परत आले. पिशवीत ओटचा डबा होता.

तो डबा मला अजून दिसतो. हिरवा पत्रा, त्यावर गोऱ्या, गुबगुबीत लेकराचं चित्र. लेकराच्या हातात चमचा. आमच्या घरात चमचाच नव्हता. बाबांनी खिळा आणि दगड घेऊन डबा उघडला तर आतून कोंदट वास आला, बंद कोठीला येतो तसा. दाण्यांना जाळी धरली होती. डबा केव्हाचा दुकानात पडून होता कोण जाणे. आई म्हणाली, "हे खराब झालं." बाबा म्हणाले, "चाळून घे. विलायती माल आहे, असा खराब होत नाही."

आईनं चाळला. शिजवला. त्याचा असा चिकट लगदा झाला की पाटीवर कागद चिकटला असता. बहिणीनं दोन घास घेतले आणि ओकली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. बाबा म्हणत होते, "सवय होईल." लेकराचा जीव चालला होता आणि हा माणूस सवयीची वाट पाहत होता.

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. दुखण्यातून उठलेल्या लेकराचा घास कोणाच्या नजरेस पडू देत नाहीत. दृष्ट लागते म्हणतात. म्हणून लेकराला कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून बसवायचं आणि समोर सूप आडवं धरून भरवायचं. बापानंसुद्धा पाहायचं नाही. बाबा असल्या गोष्टींना खुळचटपणा म्हणत, पण घरात पोर आजारी असलं की त्यांचं शिक्षण जरा मागं सरायचं. आई सूप आडवं धरी आणि बाबा मुकाट्यानं पाठ फिरवत.

चौथ्या दिवशी बाबा शाळेत गेल्यावर आईनं तो सगळा ओट गाईच्या गव्हाणीत ओतला. गाईनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. आई तिला म्हणाली, "तुले कळते, पण आमच्या घरी कोणाले कळत नाई." मग डबा राखेनं घासला, उन्हात वाळवला आणि मला जवळ बोलावलं.

"कांडपवाल्या मावशीकडे जाय. कुटकी माग. म्हणजो, कोंबडीच्या पिल्लायसाठी पायजे."

आमच्या खुराड्यात तेव्हा एक कोंबडी होती आणि तिची सात पिलं. मी म्हटलं, "पिल्लं तर तांदळाच्या कण्या खातात."

"जेवढं सांगतलं तेवढं कर."

ही मावशी आठवड्यातून दोनदा आमच्याकडे भात कांडायला यायची. नवरा जंगलात बांबूच्या कटाईला, महिने महिने घरी नसे. तिलाही एकच लेक, माझ्या बहिणीच्याच वयाची. ती कांडायला आली की दोन्ही पोरी उखळाजवळ कोंड्यात हात घालून बसायच्या आणि संध्याकाळी दोघींच्या डोक्यात कोंडाच कोंडा. कुटकी कांडणं हे मावशीचंच काम. कुटकीचं टरफल सुटता सुटत नाही, चार चार वेळा मुसळ घालावं लागतं, पाखडावं लागतं. आमच्या आईला ते जमत नव्हतं. मावशीच्या हातची कुटकी गावात ओळखू यायची, एकही कोंड्याचा कण नसायचा.

मी तिच्या दारात गेले आणि पढवलेलं बोलले. ती हसली. "कांडलेली कुटकी पिल्लायले? लाडाचे पिल्ले हायेत बाप्पा." पण सुपातून ओंजळी भरभरून माझ्या ओच्यात घातली. "इतक्यानं होते का? अजून घे. लागली तं उद्या ये."

आईनं ती डब्यात भरली. गोऱ्या लेकराच्या चित्राआड आमची कुटकी जाऊन बसली. सकाळी आईनं माळ्यावरचं मडकं काढलं नाही, तापातून उठलेल्या पोरीला आंबट नको म्हणून. नुसतीच पातळ पेज केली, थोडं मीठ घातलं, सूप आडवं धरलं. बहिणीनं वाटी चाटून पुसून साफ केली.

पंधरा दिवसांत पोरगी चालायला लागली. महिन्याभरात अंगणात कोंबडीच्या पिलांमागे धावायला लागली. बाबांचा आनंद मी काय सांगू! ते रोज सकाळी फळीवरचा डबा हातात घेऊन हलवून पाहत, अजून किती उरलाय ते. आतून कुटकी खुळखुळायची. डबा काही रिकामा होत नव्हता, कारण मी दर चार दिवसांनी पिलांसाठी कुटकी आणत होते. "पाहा," ते म्हणत, "विलायती दाणा किती पुरवठ्याचा असतो." आई चुलीत फुंकर घालायची. मी खाली मान घालून हसायचे. तेव्हा मला त्याची फार मजा वाटत होती, हे कबूल केलेलं बरं.

एकदा मी आईला विचारलं, बाबांना सांगू का? ती म्हणाली, "पोरगी जगली ना? मंग कोणाले काय सांगाचं. आपलेच दात, आपलेच ओठ."

पण बाबांनी मात्र सांगितलं. सगळ्यांना सांगितलं. शाळेत प्रार्थनेनंतर सांगितलं, बाजारात सांगितलं, गावच्या पंचांसमोर सांगितलं. मास्तरांचा शब्द तेव्हा साधा नव्हता. ज्यानं चार बुकं वाचली तो खोटं कशाला बोलेल? आणि बाबा खोटं बोलतही नव्हते. त्यांनी तर आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. लोक येऊन डबा पाहून जात. बायका चित्रातल्या लेकराच्या गालाला हात लावून बघत.

त्यानंतर मावशीची लेक तापली.

दहा दिवसांनी तिचा ताप हटला तेव्हा तिचीही तीच गत झाली, माझ्या बहिणीची झाली होती ती. मावशी आमच्याकडे आली, दुपारची वेळ होती. आई तांदूळ निवडत होती, मी बाजूला बसले होते. मावशी खाली बसली नाही. खांबाला धरून उभी राहिली.

"बाई, मले थोडं दे ना वो त्या डब्यातलं. माही पोट्टी काही खाऊन नाई राह्यली. तुही कशी काडी झाली होती, आता पाहा कशी धावून राह्यली. माह्या डोयानं पाह्यलं मी."

आईच्या हातातलं सूप थांबलं. मी आईकडे पाहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं झालं होतं. मावशीच्या घरी सुपं भरून कुटकी होती आणि तीच कुटकी मागायला ती आमच्या दारात उभी होती. आई उठली. आत गेली. फळीवरचा डबा तिनं खाली घेतला, मी दारातून पाहत होते. झाकण उघडलं, आत पाहिलं. मावशीनं एक दाणा पाहिला असता तरी ओळखला असता. डबा हातात घेऊन आई किती वेळ उभी होती मला सांगता येणार नाही. मला वाटलं, आता ती बाहेर जाईल आणि सांगेल. सांगणं एका वाक्याचं होतं. 'ही तुझीच कुटकी आहे, घरी जा आणि पेज कर,' बस.

तिनं डबा परत फळीवर ठेवला. बाहेर येऊन म्हणाली, "संपलं वो."

मी तिथंच होते. मलाही तोंड होतं. दहा वर्षांची पोर काही इतकी लहान नसते. मी बोलले नाही, कारण मी पिलांचं खोटं बोलले होते आणि आता खरं निघालं तर मार मला बसणार होता. एवढं साधं कारण.

तेवढ्यात शाळेची मधली सुट्टी झाली आणि बाबा आले. त्यांनी ऐकलं. सकाळी डब्यात खुळखुळलं ते शेवटचंच असणार, असं त्यांनी धरलं असावं. त्यांचा चेहरा उजळला. आता हे वाचणाऱ्याला वाटेल की मी बापावर राग काढते आहे, तर काढते आहेच. पण बाबांचा राग मला येतो तो ते वाईट होते म्हणून नाही. वाईट माणसाचा राग येऊन जातो. बाबा चांगले होते. ते मावशीला म्हणाले, "काळजी करू नका. परवा रविवार आहे, मी स्वतः चांद्याला जाऊन आणतो. मला काही देऊ नका." आणि शनिवारची सकाळची शाळा सुटताच गेले. चिखलातून, बंडी मिळाली नाही म्हणून अर्धी वाट पायी. सोमवारी पहाटे आले ते तसेच मावशीच्या घरी डबा घेऊन गेले. आई मागून गेली, मी आईच्या मागून.

या वेळी डबा ताजा होता, वास नव्हता. बाबांनी स्वतः उघडून दिला. पाणी किती, दाणा किती, किती वेळ शिजवायचं, सगळं शाळेत शिकवतात तसं शिकवलं. मग बोट वर करून म्हणाले, "आणि दुसरं काही द्यायचं नाही. भात नाही, भाकर नाही. आंबील तर बिलकुल नाही. आंबलेलं असतं ते, आतडी खराब करतं."

लेक गोधडीत पडली होती. डोळे तेवढे मोठे दिसत होते. आई एकदम म्हणाली, "थोडी पेज देजो वो कुटकीची सोबत. लेकराच्या सवयीचं असते."

हा आईचा एकुलता एक प्रयत्न. बाबा तिच्याकडे वळले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचं 'मला' 'तुला' सुटलं. "तुले काही समजते का? आपली पोरगी काऊन जगली मंग? नाई म्हणजे नाई!"

मावशी आईकडे न पाहता बाबांकडे पाहत होती आणि मान हलवत होती. नाई गुर्जी, नाई देत. तुमी म्हणान तसंच.

त्यानंतर मावशी कांडायला आली नाही. बाबा रोज शाळा सुटल्यावर तिच्या दारात जाऊन चौकशी करून येत. "खाते थोडं थोडं," म्हणून सांगत. मग म्हणाले, ताप परत आला. नवव्या दिवशी सकाळी, शाळेची घंटा व्हायच्या आधी, मावशीच्या घरून रडणं ऐकू आलं.

ओटनं ती मेली असं मी म्हणत नाही. हिवतापानं मेली. त्या वर्षी गावात आणखीही लेकरं गेली, आणि त्यांच्या घरी कुठलाही डबा नव्हता. कुटकी खाऊन ती जगली असती असंही मी छातीला हात लावून सांगू शकत नाही. आता माझी सून दर महिन्याला रंगीत खोके आणते आणि माझ्यासमोर मांडून विचारते, "आई, नाश्त्याला यातलं कोणतं तब्येतीला चांगलं?" परवा एका खोक्यावर कुटकी लिहिलेलं होतं. बाजूला पाच-सात ओळींत तिचे गुण छापले होते. मी चष्मा लावून सगळे वाचले. कोणतं चांगलं ते मला अजूनही ठरवता येत नाही. मला फक्त एवढं ठाऊक आहे की त्या पोरीला जे हवं होतं ते तिच्याच घरात होतं.

हेही मला पुढं कळलं, मावशीकडूनच.

मावशीची लेक गेल्यावर आमच्या कोंबड्यांना रोग लागला. एकेक करून सातही पिलं मेली, शेवटी कोंबडीही. बाबांनी खुराडं मोडून सरपणात टाकलं, साहेबांच्या घरी कोंबड्या नसणारच, एवीतेवी ते बरंच झालं, असं त्यांना वाटलं. बहीण पूर्ण बरी झाली होती. दृष्टीचा धाक गेला, सूप आडवं धरणं बंद झालं. बाबा शाळेत गेले की आई आम्हा दोघींना वाट्या भरून देई आणि आम्ही अंगणात बसून खात असू. घरची कुटकी आता सरत आली होती. मावशीकडे मागायला जायचं धाडस आईला नव्हतं, मला तर नव्हतंच.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मावशी आली. डोक्यावर टोपली. पदरानं झाकलेली. आई मागल्या दारी होती ती लगबगीनं पुढं आली. मावशी ओसरीच्या कडेला बसली, टोपली खाली ठेवली. मग मावशी आपणहून बोलायला लागली, कोणाला सांगते आहे ते न पाहता.

"मांगत होती वो बाई. आंबील दे, आंबील दे करत होती. मडक्याकडे बोट करे. मी मडकं शेजारी नेऊन ठेवलं, तिले दिसू नाई म्हून. ते चिकट तिच्या तोंडात घालो तं दात आवळून घे. मी नाक दाबून घातलं. आंबील नाई देल्ली. गुर्जीनं नाई म्हणतलं होतं ना."

आईनं पदर तोंडाला लावला.

मावशीनं टोपलीवरचं फडकं काढलं. काठोकाठ कुटकी. धुतलेल्या मोत्यासारखी म्हणतात तशी स्वच्छ, तिच्या हातची. "तिच्यासाठी कांडून ठेवली होती. बरी झाली म्हणजे देईन म्हून. आता घरी कोण खाते? मी एकटी. तुमच्या पिल्लायले ठेवा." ती उठली आणि अंगणात खुराड्याच्या जागेकडे पाहिलं. "पिल्ले कुठी हायेत?"

खुराड्याच्या जागी चार खड्डे होते.

त्याच वेळी माझी बहीण घरातून बाहेर आली. हातात वाटी, तोंडाला पेज लागलेली. मावशीला पाहून ती खूश झाली. मावशीच्या लेकीचं नाव घेऊन तिनं विचारलं, ती आली काय? आणि मावशीच्या गुडघ्याला जाऊन चिकटली. मावशीनं खाली पाहिलं. वाटीत पाहिलं. ओट कसा दिसतो हे आता तिला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. नऊ दिवस तिनं तो आपल्या हातानं शिजवला होता. तिनं वाटीत एक बोट घातलं, तोंडात घातलं. आत, उघड्या दारातून, फळीवरचा हिरवा डबा दिसत होता. तिनं डब्याकडे पाहिलं, मग टोपलीकडे, मग माझ्याकडे. माझ्या ओच्यात किती वेळा ओंजळी घातल्या ते तिला आठवलं असणार. मला तरी तेच आठवलं.

मला वाटलं, आता ती ओरडेल. आईच्या झिंज्या धरेल. तिनं धरल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिनं माझ्या बहिणीच्या तोंडाला लागलेली पेज आपल्या पदरानं पुसली. आणि आईला म्हणाली, "पिल्ले चांगले पोसले वो बाई तुमी."

ती गेली. टोपली तिथंच राहिली. पुन्हा ती आमच्याकडे कांडायला आली नाही, आणि आईनं दुसरी बाई लावली नाही. हाताला घट्टे पडेपर्यंत स्वतःच कांडत राहिली. बाबांनी मरेपर्यंत विलायती दाण्याची गोष्ट सांगितली. पाहुणे आले की बहिणीला बोलावून दाखवत, "हीच ती." मावशीच्या लेकीचा विषय निघाला तर म्हणत, "त्यांना डबा उशिरा मिळाला." आई तेव्हा आत निघून जाई. मी तिथंच बसून राही आणि मान हलवी.

मावशी टोपली ठेवून गेली त्या दिवशी संध्याकाळी बाबांनी ती ओसरीवर पाहिली. म्हणाले, "ही कुटकी कशाला? आपल्याकडे आता कोंबड्या कुठं आहेत?"

आई म्हणाली, "राहू द्या. लागेल."

आणि लागली. टाकून देणं आमच्या घरात शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा शाळेत गेल्यावर आईनं त्यातल्याच दोन मुठी शिजवल्या. ती स्वतः जेवली नाही. माझ्यापुढं वाटी आली तेव्हा मी घास घेईन की नाही असं मलाच वाटत होतं. घेतला. कुटकी गोड होती, नेहमीसारखी, आणि मला भूक लागली होती. मी आणखी एक वाटी मागून घेतली.